एमन्स की डे?



अमेरिकेत कुणाला पेडल स्टील गिटार बनवून घ्यायची असेल, तर कारागिराच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. ‘एमन्स की डे?’ वाद्य कोणत्याही कंपनीचं असो, हा प्रश्न चुकत नाही. या वाद्याखाली पायाने दाबायच्या पट्ट्या, म्हणजे पेडलं, असतात. त्यांतल्या तीन मुख्य पट्ट्या डावीकडून कोणत्या क्रमाने लावायच्या, बडी एमन्स यांच्या क्रमाने की जिमी डे यांच्या उलट्या क्रमाने, एवढंच कारागिराला विचारायचं असतं. जिमी डे १९९९ मध्ये वारले. बडी एमन्स २१ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी गेले. आज मी बोलणार आहे ते या बडी एमन्स यांच्याविषयी. ते वादक म्हणून मोठे होतेच, पण वाद्य घडवणारे म्हणून त्यांनी इतर वादकांच्या हातापायांना जे देऊन ठेवलं, त्याविषयी विशेष.

वाद्याचं नाव अनोळखी वाटलं, तरी त्याचं मूळ आपल्या कानावरून गेलेलं आहे. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत हवाईयन गिटारवर वाजवलेली चित्रपटगीतं ऐकत आपल्यापैकी पुष्कळजण मोठे झाले. मुंबईत वॅन शिपले यांनी ती लोकप्रिय केली. त्यांची आठ तारांची विजेवरची गिटार त्यांच्या स्वतःच्या कल्पनेतून आलेली होती. ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या सोबतीला ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे, तीही याच कुळातली. गिटार आडवी ठेवायची, पडद्यांवर बोटं दाबायची नाहीत आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. जोसेफ केकुकू या तरुणाला तिचं श्रेय देतात.

काब्रांना पेडलची गरज पडली नाही, कारण आपल्या संगीतात सूर एकापाठोपाठ एक येतो. कांडी सरकवली की मींड निघाली, काम झालं. अमेरिकेतल्या कंट्री संगीताला मात्र तीन-तीन सूर एकत्र हवे असतात, आणि तिथे कांडी अडते. ती सरकवली की तिन्ही सूर कवायतीतल्या पलटणीसारखे सारख्याच अंतराने पुढे जातात. एका सुराने चालायला लागावं आणि बाकीच्या दोघांनी जागेवर उभं राहावं, हे कांडीच्या हातात नाही.

त्यासाठी पेडल आलं. लॉस एंजेलिसच्या परिसरात पॉल बिग्जबी नावाचे कारागीर होते. मूळचे मोटारसायकलवाले, धातूकामात वाकबगार. ते मागणीनुसार एकेक वाद्य बनवून देत. त्यांच्याकडे नंबर लावून लोक वाट पाहत बसत. पण सुरुवातीला पेडलचा उपयोग बहुतेक वादक दोन सुरावटींच्या मध्ये, तारांची जुळणी बदलण्यापुरताच करत. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये वेब पिअर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यात बड आयझॅक्स या वादकाने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. गाणं १९५४ मध्ये कंट्रीच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. देशभरच्या स्टीलवादकांनी ते ऐकलं आणि आपापल्या वाद्याखाली डोकावायला सुरुवात केली.

त्या ऐकणाऱ्यांत एमन्स होते. जन्म १९३७ चा, इंडियाना राज्यातल्या मिशवॉका गावचा. अकरा वर्षांचा असताना वडिलांनी सहा तारांची, मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटार आणून दिली आणि शेजारच्या साउथ बेंडमध्ये हवाईयन संगीताच्या शाळेत घातलं. अमेरिकेच्या मधोमध, जिथून समुद्र शेकडो मैल लांब, तिथे हवाईयन संगीताची शाळा! गंमत वाटते, पण त्या काळात तिथे या वाद्याची तशी लाटच होती. शिकून झाल्यावर मुलगा लवकरच बँडमधून वाजवायला लागला आणि १९५५ मध्ये, अठराव्या वर्षी, लिटल जिमी डिकन्स या गायकाच्या बँडमध्ये, कंट्री संगीताच्या माहेरी, नॅशव्हिलला पोहोचला.

आता जरा वाद्याच्या जवळ जाऊ. घरी पेटी असेल तर हे पडताळून पाहता येईल. सा, ग आणि प एकत्र धरा. बड आयझॅक्स यांचं पेडल दाबलं की ग चा म होई आणि प चा ध होई, दोन्ही एकदम. म्हणजे सा-ग-प वरून थेट सा-म-ध. ऐकायला सुंदर, पण वाट एकच. एमन्स यांनी १९५६ च्या सुमारास या एका पेडलची दोन पेडलं केली. एकाने फक्त प चा ध होतो. दुसऱ्याने फक्त ग चा म होतो. पाहायला गेलं तर एका जोडणीचे दोन तुकडे, यापलीकडे काही नाही. पण आता पेटीवर पुन्हा पाहा. सा आणि ग धरून ठेवा आणि फक्त प सोडून ध वर जा. रंग बदलून एकदम उदास झाला. उलट सा आणि प धरून ग चा म करा. आता सूर अधांतरी आहेत, खाली यायला आतुर. पेटीवर हा बदल टुणकन होतो. पेडल स्टीलवर तो मींडेने होतो, आणि बाकीचे दोन सूर तोवर निश्चल असतात. दोन्ही पेडलं शेजारी असल्यामुळे डावं पाऊल दोन्हींवर एकदम बसतं, किंवा घोट्यातून झुकवलं की एकावरून दुसऱ्यावर जातं. कंट्री संगीतात जो हुंदका तुम्ही ऐकला असेल, तो या घोट्यातून येतो.

जिमी डे यांनीही त्याच सुमारास पेडलं वेगळी केली, फक्त उलट्या क्रमाने. दोघे मित्र होते. कोणाची पद्धत चांगली यावर आजही वादक तावातावाने बोलतात. मला स्वतःला वाटतं की घोटा ज्या बाजूला सहज वळतो, ती पद्धत चांगली. पण स्टीलवाल्यांच्या बैठकीत हे मत मांडण्याचं धाडस मी करणार नाही.

तारांवरचं एमन्स यांचं दुसरं काम मला अधिक धीट वाटतं. १९६२ मध्ये त्यांनी रे आणि नी यांच्या दोन तारा वाढवल्या, आणि त्या सुरांच्या चढत्या-उतरत्या रांगेत न बसवता वाजवणाऱ्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला, ग च्या तारेपलीकडे लावल्या. क्रम मोडला. तोपर्यंत सरळ ओळीने जाणारं बोट आता उडी मारून बाहेर जाऊन परत येऊ लागलं. पण हिशोब करून पाहा. सा, रे, ग, प, नी तारांवर आहेत. म एका पेडलने मिळतो, ध दुसऱ्याने. कांडी एकाच जागी ठेवून अख्खं बिलावल सप्तक वाजतं. दहा तारांची ही जुळणी आज या वाद्याची प्रमाण जुळणी आहे. नवखा विद्यार्थी ती पहिल्या दिवशी लावतो आणि ती वाद्यासोबतच जन्माला आली असं समजतो.

मधल्या काळात, १९५७ मध्ये, एमन्स शॉट जॅक्सन यांच्याबरोबर काम करू लागले. जॅक्सन स्वतः वादक, गायक रॉय एकफ यांच्या बँडमधले. मॅडिसन या नॅशव्हिलच्या उपनगरात जॅक्सन यांच्या गॅरेजमध्ये दोघांनी लोकांच्या साध्या स्टील गिटारींना पेडलं बसवून द्यायला सुरुवात केली. त्यातून कंपनी उभी राहिली आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिचं नाव पडलं ‘शो-बड’. ठिपकेदार मेपलचं लाकूड आणि तारांखालच्या पट्टीवर पत्त्यांची चिन्हं, बदाम, किलवर, चौकट, इस्पिक. जुगाराच्या अड्ड्यावरून उचलून आणल्यासारखी ही नक्षी मला भडक वाटते, पण तिच्यावर जीव टाकणारे वादक आहेत. पुढे नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर, रायमन सभागृहापासून हाकेच्या अंतरावर, शो-बडचं दुकान निघालं. शॉट जॅक्सन १९९१ मध्ये गेले.

एमन्स मात्र १९६३ मध्ये शो-बडमधून बाहेर पडले आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर त्यांनी एमन्स गिटार कंपनी काढली. कारखाना नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनला. इथे श्रेय नीट वाटायला हवं. रोजचा कारखाना लॅशलींनी चालवला. एमन्स वाजवत होते, दौऱ्यावर होते, पण यंत्रणेची कल्पना आणि ती कशी वाजली पाहिजे याचा कान त्यांचा. आणि शो-बडचं काय? त्यातला ‘बड’ तसाच राहिला. बडी एमन्स यांची स्वतःच्या नावाची कंपनी असताना समोरच्या स्पर्धकाच्या वाद्यावरही वर्षानुवर्षं त्यांचंच अर्धं नाव झळकत होतं.

वाद्य बनवणाऱ्याची खरी डोकेदुखी कोणती, तेही सांगतो. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, तार ताणली जाते, आणि तो ताण वाद्याच्या लाकडी पेटीवर येतो. पेटी केसभर वाकते. मग ज्या तारांनी हलायचं नव्हतं, त्याही किंचित उतरतात. म्हणजे प चा ध करायला गेलात आणि सा खाली घसरला. डोळ्याला दिसणार नाही एवढंसं हे वाकणं, पण कानाला लागतं. या एका गोष्टीवर कारागिरांच्या पिढ्या खपल्या. एमन्स कंपनीच्या ‘पुश-पुल’ यंत्रणेत, पेडल न दाबलेल्या स्थितीत, तारेखालचा धातूचा भाग पेटीला घट्ट टेकून बसतो. त्या वाद्यांचा भरीव आवाज त्यामुळेच येतो असं वादक मानतात. जुळवायला मात्र ती वाद्यं महा किचकट. स्क्रू फिरवता फिरवता घाम निघतो. तरीही साठच्या दशकातली ‘पुश-पुल’ कुणी विकायला काढली, तर गिऱ्हाईक लगेच उभं राहतं.

वादक एकमेकांना ‘उदार’ म्हणतात तेव्हा बहुधा शिकवण्याबद्दल बोलत असतात, किंवा अडल्यावेळी पैसे दिल्याबद्दल. एमन्स यांच्याबाबतीत मला औदार्य दिसतं ते वाद्याच्या आत. प्रतिस्पर्धी कारखान्यातलं वाद्य घ्या, परदेशातलं घ्या, एखाद्याने घरच्या गॅरेजमध्ये जुळवलेलं घ्या. डाव्या पायाखाली त्यांची वाटणी आहे आणि टोकाला त्यांच्या दोन तारा आहेत. त्यांची कंपनी आणि इतरांच्या कंपन्या असा भेद त्या जुळणीने केला नाही. त्यामुळे ते गेल्याची बातमी आली तेव्हा स्टीलवादकांचं दुःख एखाद्या आवडत्या कलावंताच्या चाहत्यांसारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला बसून पहिलं पेडल दाबायचं, तर ते त्यांनीच वेगळं केलेलं.

वादक म्हणून त्यांच्याविषयी बोलायचं तर वेगळं भाषण लागेल. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जाझवाल्यांबरोबर त्यांनी ‘स्टील गिटार जाझ’ ही रेकॉर्ड केली. तिची कीर्ती मोठी आहे, आणि धाडस तर आहेच. पण माझं मन जातं ते त्यांच्या साथीकडे. अर्नेस्ट टब, रे प्राइस, पुढे जूडी कॉलिन्स यांचं ‘समडे सून’. गायक शब्द उच्चारत असताना ते जवळजवळ नसतात, आणि गायकाने श्वास घेतला की त्या फटीत येऊन जातात. आपल्याकडे चांगला सारंगिया असाच करतो.

२००७ च्या अखेरीस त्यांची पत्नी गेली आणि त्यानंतर त्यांचं वाजवणं जवळजवळ थांबलं. २०१३ मध्ये, त्यांच्या हयातीतच, स्टीव्ह फिशेल या स्टीलवादकाने त्यांच्या सन्मानार्थ एक ध्वनिमुद्रण सिद्ध केलं. त्यात स्टीलवादक आपापल्या वाद्यांवर एमन्स यांच्याशी जोडलेली गाणी वाजवतात. प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो, हे मला त्यातलं विशेष वाटतं. एमन्सची नक्कल करायचा मोह त्यांना झाला नसेल असं नाही. पण जुळणी एकाची आणि बोलणं आपापलं, असंच ते झालं आहे.

आता माझ्या वेळेतली थोडी मिनिटं उरली आहेत, तेवढ्यात एक रेकॉर्ड लावायला सांगतो. रे प्राइस यांचं ‘यू टुक हर ऑफ माय हँड्स’. रे आणि नी च्या तारा बसवल्यानंतरचं हे एमन्स यांचं अगदी सुरुवातीचं ध्वनिमुद्रण. गाणाऱ्याचे शब्द नाही कळले तरी चालेल. स्टील सुरू झाली की दूरच्या टोकाच्या त्या दोन तारांकडे कान द्या. उजवा हात रांग सोडून बाहेर जातो आणि परत येतो, ते ऐकू येतं.