लेकीला माणसांचा अभ्यास शिकू द्या
(वैराग येथील महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोरगी बारावी झाली की घरात एकच बोलणं सुरू होतं. नर्सिंग, डी.एड., नाहीतर लग्न. आज मी तुम्हाला आणखी एक वाट सांगणार आहे. विषयाचं नाव जड आहे, मानवशास्त्र. काम मात्र आपल्या ओळखीचं. माणसं कशी राहतात, सोयरीक कुठं करतात, पाणी-सरपण कुठून आणतात, हे त्यांच्यात जाऊन विचारायचं आणि नीट लिहून ठेवायचं.

आपल्याकडं हा विषय रुजवला इरावती कर्वे यांनी. त्यांचा जन्म १९०५ चा, शिक्षण पुण्यात. १९२८ मध्ये त्या पुढं शिकायला जर्मनीला निघाल्या, तेव्हा लग्न झालेलं होतं. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे! बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घालवलेला माणूस. पण सुनेनं परदेशी जावं हे त्यांनाही पसंत नव्हतं. नवरा, दिनकर कर्वे, पाठीशी उभा राहिला. पैशाचं काय? जीवराज मेहतांनी कर्ज दिलं. आपण म्हशीसाठी कर्ज काढतो, शिलाई मशीनसाठी काढतो. हे कर्ज बाईच्या शिक्षणासाठी होतं. बर्लिनहून त्या डॉक्टरेट घेऊन आल्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं, गावोगाव हिंडून नात्यागोत्यांचा अभ्यास केला, पंढरीच्या वारीतही चालल्या.

या शिक्षणाचा उपयोग काय, तेही सांगते. कोयनेचं धरण झालं, वीज आली. पण ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांचं पुढं काय झालं? इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी त्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ साली छापून आली. धरणात पाणी किती साठलं हे इंजिनिअर सांगतो. उठलेल्या घरातल्या बाईला सरपण कुठं मिळतं, लेकीचं माहेर किती लांब पडलं, हे माणसांत बसून विचारावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात उजनीमुळं उठलेली गावं आहेत. त्यामुळं हे दुःख आपल्याला परकं नाही.

आज पाणलोट, आरोग्य, वनहक्क, पुनर्वसन अशा कामांत हा अभ्यास उपयोगी पडतो. पुण्याच्या विद्यापीठात याचा स्वतंत्र विभाग आहे. पोरगी पदवीपर्यंत आली असेल, तर तिथं चौकशी करा.

आणि तोवर आपण काय करायचं? ग्रामपंचायतीचा विकास आराखडा होण्याआधी गटाच्या बैठकीत एक वही काढा. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीला पाणी टिकतं, कुठली कधी आटली, हंडा कोण आणतं आणि किती वेळ जातो, ते म्हाताऱ्या बायांना विचारा. लिहायचं काम शिकणाऱ्या पोरीला द्या. ती वही घेऊन ग्रामसभेला जा. तोंडी बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं पुढं ठेवता येतं.

पोरीचीही सुरुवात तिथंच होईल. मग ती म्हणाली, 'आई, मला हेच शिकायचंय', तर नाही म्हणू नका. शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज आला, तर गटानंही तो मागं ठेवू नये.