स्मारक नाणी विकत घ्यावीत काय?

(ज्ञातिमंडळाच्या धाराशिव येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर आम्ही मुलांचे शिक्षण आणि विवाहाचा खर्च या दोनच विषयांवर बोलत आलो. यंदा नाण्यांविषयी बोलण्याचे योजिले, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु अलीकडे आपल्या काही घरांत मखमली डब्यांतील स्मारक नाणी येऊ लागली आहेत. आणि ती घेण्यासाठी कोठे कोठे आजीच्या गाठोड्यातील जुने रुपये सराफाकडे मोडीत गेले आहेत. त्यातच मंडळाच्या नावाने चांदीचे नाणे काढावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. तेव्हा या गोष्टीचा विचार आताच झालेला बरा.

यंत्रावर, एकाच छापाचे, लाखोंच्या संख्येने निघाले म्हणून कोणतेही नाणे हीन ठरत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. वडील मंडळींच्या तोंडचा 'कलदार' हा शब्दच पाहा. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. १९४० पूर्वीच्या या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असे, व त्यात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी असे. पुढे ती निम्म्यावर आली आणि १९४७ पासून तर रुपया निव्वळ निकेलचा झाला. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथे व्यवहार चाले तो चारमिनारच्या छापाच्या हाली रुपयाचा. सात हालींस सहा कलदार असा त्याचा भाव ठरलेला होता. आणि दोहोंतील शुद्ध चांदी तोलून पाहिली असता हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत उतरते. 'हाली' या शब्दाचा अर्थच मुळी 'सध्या चालू असलेला'. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानची राजवट संपली, १९५० साली भारतीय रुपया हालीच्या जोडीने आला, १९५१ मध्ये नवा हाली निघणे थांबले आणि १९५९ साली तो चलनातून बाद झाला. चालू म्हणविणारा रुपया बंद पडला. त्याच्या पोटातील चांदी मात्र जागच्या जागी राहिली.

आता याहून पुष्कळ मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ, असा तिचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेथील मातीत सातवाहनांची नाणी सापडली, त्यांत शिशासारख्या स्वस्त धातूची पुष्कळ. ही बाजारहाटाची नाणी. ती कोणी डबीत घालून जपली नव्हती. ती हातोहात झिजली, हरवली, वितळली, आणि जी थोडी उरली ती आज अभ्यासकांस मोलाची झाली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळालेल्या अशा वस्तू आवडीने गोळा केल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते अद्याप पाहिले नसेल, त्यांनी तुळजापूरच्या यात्रेतून एक दिवस काढून मुलांना तेथे न्यावे, असे आम्ही आग्रहाने म्हणू.

तात्पर्य, जुने नाणे दुर्मिळ झाले ते कोणीच न जपल्यामुळे. जे जपण्यासाठीच काढले जाते, ते घरोघर जपले जाते आणि म्हणून दुर्मिळ होत नाही. पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले. असंख्य घरांनी तो रुपया बाजूला ठेवला, आणि म्हणूनच तो आजही सहज मिळतो. अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांच्या नावाने पाव डॉलरची नाणी काढली गेली. लोकांनी ती हौसेने साठविली. आज सामान्य स्थितीतील त्या नाण्याचे मोल पाव डॉलरच आहे.

शासनाच्या टाकसाळीतून संग्राहकांसाठी जी नाणी निघतात, त्यांत लबाडी नाही. २०२३ साली नव्या संसद भवनानिमित्त ७५ रुपयांचे नाणे निघाले. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. म्हणजे साडेसतरा ग्रॅम. तेवढ्या चांदीचा त्या दिवशीचा भाव सराफास विचारावा आणि मागितलेल्या किमतीतून वजा करावा. उरते ती घडणावळ, डबी आणि आठवण यांची किंमत. आठवणीसाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही. तसबिरीच्या चौकटीलाही आपण मोजतोच. मात्र ती ठेव आहे असे समजून मुलीच्या लग्नाची पुंजी त्यात घालू नये. थोड्या संख्येने निघालेल्या काही संचांचे भाव चढतातही, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो भाव देणारा हौशी गिऱ्हाईक मुंबई-पुण्यास भेटेल. भूम, परंडा, उमरग्यास आपली गाठ सराफाशीच. आणि तो डबी बाजूला सारून नाणे तराजूत टाकील.

खाजगी व्यापारी 'मर्यादित आवृत्ती' म्हणून जे विकतात, त्याविषयी एकच प्रश्न विचारावा: मर्यादा किती नगांची? 'महिनाअखेरपर्यंत नोंदणी करणाऱ्या सर्वांस' असे उत्तर आल्यास ती मर्यादा नव्हे. दुसरा प्रकार याहून वाईट. वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांस घेतो, आधी शुल्क तेवढे भरा, असे निरोप फोनवर येतात. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नाही व त्यासाठी शुल्क घेत नाही, असे तिनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. घरातील तरुणांनी हे वडील माणसांस नीट समजावून सांगावे.

हौसच असेल तर ती फुकटात भागते. ज्ञानेश्वर महाराजांचा १९९९ सालचा रुपया, तुकोबारायांचा २००२ सालचा, शिवछत्रपतींचे १९९९ सालचे दोन रुपये, ही सारी चलनातील नाणी. दुकानदाराने सुट्ट्या पैशांत दिली तर एक-दोन रुपयांत संग्रहास आरंभ झाला.

राहिली मंडळाच्या नाण्याची सूचना. नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा; आपण काढू ते पदक होईल, आणि त्यास पदकच म्हणावे. विद्यार्थी निधीसाठी ते काढण्यास आमची हरकत नाही. परंतु पावतीवर चांदीची किंमत व निधीची देणगी हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असावेत, म्हणजे घेणारास आपण दान किती केले आणि चांदी किती घेतली हे कळेल. आणि त्यासाठी कोणीही जुने रुपये मोडू नयेत.

ज्या भगिनींच्या घरी कलदार वा हाली असतील, त्यांनी ते सराफाकडे नेण्यापूर्वी साल व छाप जाणकारास दाखवून घ्यावा. सणावाराच्या साफसफाईत ते चिंचेने अथवा राखेने घासून उजळू नयेत. घासलेल्या नाण्यास संग्राहक निम्मीही किंमत देत नाही, आणि पूजेच्या तबकात काळवंडलेला रुपयाही चालतो.