विमा कंपन्यांची रुग्णालय-यादी : ती बनते कशी आणि आपणांस ती का ठाऊक असावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून सामान्यतः शिक्षण, विवाहातील खर्च, तरुणांचे उद्योगधंदे अशा विषयांवर व्याख्याने होतात. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो त्या मानाने रूक्ष आहे. परंतु तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, आणि बहुधा अवेळी, शिरणारा आहे. आमचे अर्धे आयुष्य विमाव्यवसायात दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात गेले, आणि अलीकडे मंडळाच्या वैद्यकीय साहाय्यनिधीकडे येणारे अर्ज पाहण्याचे काम आमच्याकडे आहे. या अर्जदारांपैकी पुष्कळांच्या घरी आरोग्यविम्याचे विमापत्र असते, हप्तेही वेळच्या वेळी भरलेले असतात, आणि तरीही ते निधीकडे येतात. कारण विचारले असता एकच उत्तर मिळते : "रुग्णालय यादीत नव्हते हो!"

ही यादी म्हणजे काय, तीत रुग्णालयाचे नाव चढते कसे, आणि न चढल्यास विमेदाराचे काय होते, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अशी यादी पूर्वी नव्हतीच. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी 'मेडिक्लेम' हे विमापत्र आणले, तेव्हा रीत सरळ होती. रुग्णाने उपचार घ्यावेत, देयक आपल्या खिशातून चुकवावे, आणि मग पावत्यांचे गाठोडे घेऊन कंपनीच्या दारी जावे. २००१ साली विमा नियामक प्राधिकरणाने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे, ज्यांना सर्वजण 'टीपीए' म्हणतात त्यांचे, नियम केले. आणि रुग्णालयाचे देयक कंपनीने परस्पर चुकवावे ही 'कॅशलेस'ची सोय रूढ झाली. कंपनी जर रुग्णालयास परस्पर पैसे देणार, तर त्या दोघांत आधी करार हवा. आणि ज्यांच्याशी करार झाला त्यांची यादी हवी. म्हणजे ही यादी मुळात देण्याघेण्याची यादी आहे. डॉक्टरांच्या गुणांची ती गुणपत्रिका नव्हे. आपल्या घरांतून याविषयी जो गैरसमज दिसतो त्याचे मूळ येथेच आहे.

आता एखाद्या तालुक्याच्या गावी वीस खाटांचे शुश्रूषागृह चालविणाऱ्या डॉक्टराने यादीत जावयाचे ठरविले, असे समजा. त्याच्या हाती पहिला कागद हवा तो नोंदणीचा. महाराष्ट्रात ही नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. मुदत संपल्यावर नूतनीकरण राहून गेले, तर पुढचे सारे मुसळ केरात. त्यानंतर 'रोहिणी' नावाच्या अखिल भारतीय नोंदवहीत रुग्णालयाची नोंद करून तेरा अंकी क्रमांक घ्यावयाचा. ही नोंदवही हैदराबाद येथील विमा माहिती संस्थेकडे असते आणि कोणत्याही कंपनीचा माणूस त्या क्रमांकावरून रुग्णालय ओळखतो. मग येतो कागदांचा ढीग : प्रत्येक डॉक्टराचा वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक व पदव्यांच्या प्रती, जैववैद्यकीय कचऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील अधिकृतता, अग्निसुरक्षेचा दाखला, सोनोग्राफीचे यंत्र असल्यास त्याची १९९४ च्या कायद्याखालील नोंदणी, औषधांचे दुकान आवारात असल्यास त्याचा परवाना, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरपत्रक.

कागद पोहोचल्यावर कंपनीचा किंवा टीपीएचा माणूस पाहणीस येतो. खाटा मोजतो, शस्त्रक्रियागृह पाहतो, रात्रपाळीस परिचारिका व डॉक्टर खरोखरीच असतात की केवळ हजेरीपटावर असतात हे पाहतो, रुग्णांच्या रोजच्या नोंदी चाळतो. विमापत्रांतील 'रुग्णालया'च्या व्याख्येत, जेथे नोंदणी नसेल तेथे, दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी किमान दहा आणि इतरत्र किमान पंधरा खाटा, अहोरात्र परिचारिका व डॉक्टर, आणि दैनंदिन नोंदी अशा अटी सांगितलेल्या असतात. पाहणी साधारण याच अंगाने होते. मग दरांची घासाघीस. अपेंडिक्सला इतके, मोतीबिंदूला इतके, प्रसूतीला इतके, असे ठोक दर ठरतात आणि अखेरीस विमा कंपनी, टीपीए व रुग्णालय या तिघांच्या सह्यांचा करारनामा होतो. एका कंपनीच्या यादीत नाव आले म्हणजे सर्वांच्या यादीत आले असे मात्र नाही. जितक्या कंपन्या तितके करार.

गुणवत्तेची अट या क्रमात उशिरा आली. २०१६ साली प्राधिकरणाने सांगितले की, यादीतील रुग्णालयांनी ठरावीक मुदतीत भारतीय गुणवत्ता परिषदेच्या रुग्णालय मान्यता मंडळाचे, म्हणजे 'एनएबीएच'चे, निदान प्रवेशपातळीचे तरी प्रमाणपत्र घ्यावे. हेतू उत्तम होता. परंतु लहान गावांतील शुश्रूषागृहांना ते झेपेना, मुदत वाढवावी लागली, आणि २०२२ साली निकष ठरविण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांवरच सोपविण्यात आले. आमच्या मते एनएबीएचच्या प्रवेशपातळीची तयारी करणे हे लहान रुग्णालयासही हिताचेच आहे. जंतुसंसर्ग टाळणे, औषधांच्या नोंदी, संमतिपत्रे यांस त्यामुळे शिस्त लागते. पण ते नाही म्हणून अमुक शल्यचिकित्सकाचा हात वाईट, असे म्हणणे हा अन्याय होईल.

यादीमागे पैशाचा व्यवहार किती असतो याचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. देयके फुगविली जातात या कारणावरून १ जुलै २०१० पासून सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बेंगळुरू येथील अनेक मोठ्या रुग्णालयांतील कॅशलेस सोय थांबविली आणि ठोक दर मान्य करणाऱ्यांचीच नवी यादी केली. ज्यांना वगळले त्यांत नामांकित रुग्णालये होती. तेथील डॉक्टर ३० जूनला निष्णात आणि १ जुलैला अडाणी झाले होते काय?

आता निधीकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे अर्थातच सांगत नाही. तालुक्याच्या गावी राहणारे एक वृद्ध सभासद न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. गावातच एक अनुभवी अस्थिशल्यचिकित्सक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करू म्हणाले. चिरंजीव शहरात नोकरीस. त्यांनी दूरध्वनीवरून पहिला प्रश्न विचारला तो यादीचा. नाव यादीत नाही असे कळताच त्यांनी वडिलांना वाहनातून शहरात आणविले. तेथे खाट मिळण्यात, तपासण्या पुन्हा होण्यात आणि मंजुरी येण्यात दिवस गेले, आणि शस्त्रक्रिया झाली ती चौथ्या दिवशी. वृद्धांच्या अशा अस्थिभंगात विलंब जितका कमी तितके बरे, असे त्या शाखेतील जाणकार एकमुखाने सांगतात. वडील अंथरुणातून उठले, पण पूर्वीसारखे चालले नाहीत. विमापत्र आम्ही स्वतः वाचले. गावच्या त्या शुश्रूषागृहातील खर्चाची प्रतिपूर्ती त्या विमापत्राप्रमाणे पूर्णतः मागता आली असती. ते रुग्णालय नोंदणीकृत होते. तेवढे पुरे होते. खर्च आधी उचलण्यासाठी आपला निधी होताच!

म्हणून रुग्णालयांचे तीन वर्ग मनात पक्के धरावेत. पहिला, यादीतील : तेथे कॅशलेस मिळते. दुसरा, यादीबाहेरचा पण व्याख्येत बसणारा : तेथे आधी पैसे भरावे लागतात, नंतर मूळ पावत्या, निर्गमपत्र व तपासण्यांचे अहवाल मुदतीत देऊन प्रतिपूर्ती मिळते; काही विमापत्रांत अशा वेळी काही टक्के भार विमेदारावर असतो, तो कलम वाचून पाहावा. तिसरा वर्ग थोडक्यांना ठाऊक असतो आणि धोका तेथेच आहे. कंपन्या काही रुग्णालये व डॉक्टर 'वर्ज्य' म्हणून जाहीर करतात. तेथे घेतलेल्या उपचारांचा दावा मिळत नाही. केवळ अपघात किंवा जिवावरचा प्रसंग असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो. ही वर्ज्य नावे कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. यादीतील नावे शोधण्यासाठी आपण जितका वेळ घालवितो त्याच्या निम्मा वेळ ही नावे पाहण्यात घालविला तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची 'अंगीकृत' रुग्णालये ही आणखी निराळी यादी आहे. खासगी विम्याच्या यादीशी तिची गल्लत करू नये.

२०२४ साली दोन गोष्टी विमेदाराच्या बाजूने घडल्या. जानेवारीत सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने, यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस देण्याचा उपक्रम जाहीर केला. नियोजित उपचार असल्यास ४८ तास आधी आणि तातडीचा प्रसंग असल्यास दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीस कळवावयाचे. त्यासही रुग्णालयाची मान्यता लागते, आणि वर्ज्य नावे येथेही वर्ज्यच. मे महिन्यात प्राधिकरणाने परिपत्रक काढून, कॅशलेसच्या विनंतीवर एक तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा असे बंधन घातले. या तीन तासांपलीकडे खोळंबा झाल्यास रुग्णालयाने लावलेला वाढीव खर्च कंपनीने सोसावयाचा आहे. औषधालयाच्या खिडकीशी ताटकळणाऱ्या आमच्या बांधवांनी हे वाक्य तोंडपाठ करावे.

येथे एक विषयांतर करतो, कारण त्याविषयी पालकांकडून वारंवार विचारणा होते. ज्यांची मुलेमुली अमेरिकेत डॉक्टर आहेत त्यांस कोडे पडते की, परीक्षा झाल्या, राज्याचा परवाना मिळाला, नोकरीही लागली, तरी मुलगी रुग्ण तपासावयास का बसत नाही? आपल्याकडे विमा कंपनी करार करते तो रुग्णालयाशी. तेथे प्रत्येक डॉक्टराची प्रत्येक विमा कंपनीकडून स्वतंत्र पारख होते. डॉक्टरास दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक असतो. आपली सारी माहिती ती एका सामाईक भांडारात भरते आणि दर १२० दिवसांनी ती खरी असल्याचे पुन्हा नमूद करते. कंपनी मात्र तिने दिलेल्या प्रतींवर विसंबत नाही. महाविद्यालय, प्रशिक्षणाचे रुग्णालय, परवाना देणारे मंडळ यांच्याकडून थेट खातरजमा करून घेते, १९९० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय माहितीपेढीत तिच्याविरुद्ध काही नोंद आहे काय ते पाहते, आणि मग समिती निर्णय देते. यास तीन-चार महिने लागणे नवलाचे नाही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तीच पारख. तेव्हा मुलगी घरी बसली आहे म्हणून तिच्यात काही उणे आहे असे समजून आईवडिलांनी इकडे झुरू नये.

पुन्हा आपल्याकडे येऊ. आपल्या ज्ञातीत लहान रुग्णालये चालविणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकजण यादीत जाण्यास नाखूष असतात. ठोक दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, आणि मंजुरीच्या कागदांसाठी एक स्वतंत्र कारकून ठेवावा लागतो, ही त्यांची गाऱ्हाणी आम्ही कंपनीच्या बाजूला बसूनही ऐकली आहेत आणि ती खोटी नाहीत. फुगविलेली देयके आम्ही पाहिली आहेत, तीही खोटी नव्हती. पण या दोघांच्या रस्सीखेचीत गावचा रुग्ण गावात बरा न होता शहराच्या वाटेवर कण्हत राहतो. म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे : यादीसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या आपल्या डॉक्टरांस कागदपत्रे जुळविण्यास मंडळाने साहाय्य करावे, आणि यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या विमेदार सभासदास प्रतिपूर्ती येईपर्यंत निधीतून बिनव्याजी उसनवार द्यावी. दाव्याची रक्कम आली की ती निधीत परत जमा व्हावी. सूचनेवरील चर्चा दुपारच्या सत्रात आहे. ज्यांनी आपली विमापत्रे बरोबर आणली असतील त्यांनी भोजनोत्तर आम्हांस कार्यालयाच्या खोलीत भेटावे. वर्ज्य रुग्णालयांचे कलम कोठे असते ते आम्ही दाखवू.