दान आणि दानाची व्यवस्था
(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)

ज्यांच्या अन्नावर मी लहानाचा मोठा झालो त्यांच्यापुढे दानधर्मावर बोलणे हा एका परीने अधिकाराचा अतिक्रमच होय. मी दाता नव्हे, मी घेणारा. तथापि घेणाऱ्यालाही या विषयात काही सांगण्यासारखे असते, एवढ्याच भरवशावर चार शब्द बोलतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण सर्व जाणता. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान ते सात्त्विक. आपण बहुधा 'पात्र' या शब्दाशी थांबतो आणि घेणाऱ्याची परीक्षा घेऊ लागतो. तो खरोखर गरजू आहे काय, आळशी तर नाही ना, असे नाना प्रश्न विचारतो. परंतु तामस दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. सत्कारावाचून आणि अवज्ञेने दिलेले दानही तामसच होय. म्हणजे वस्तू उत्तम असेल, घेणारा योग्य असेल, तरी देणाऱ्याच्या मुद्रेवर तुच्छता उमटली की ते दान नासले. शास्त्राने घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही परीक्षा लावली आहे, ती आपण सोयीस्करपणे विसरतो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगसाची कथा आपण अनेकवार ऐकली असेल. युधिष्ठिराचा अश्वमेध पूर्ण झाला, दानाचा जयघोष चालला होता, तोच अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे आले आणि म्हणाले की, या यज्ञाला त्या शेरभर सातूच्या पिठाची सर नाही. कुरुक्षेत्रात एक ब्राह्मण शेतात सांडलेले दाणे वेचून निर्वाह करी. दुष्काळात कित्येक दिवसांच्या उपासानंतर मिळालेल्या पिठाचे त्याने चार वाटे केले होते. दारी अतिथी आला, तेव्हा आधी त्याने, मग पत्नीने, मग पुत्राने आणि शेवटी सुनेने आपापला वाटा त्या अतिथीला दिला. तेथे सांडलेल्या कणांनी मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे मात्र धर्मराजाच्या यज्ञातही तसेच राहिले. दानाचे मोल राशीवर नसते, देणाऱ्याने स्वतःच्या ताटातले काय काढून दिले त्यावर असते, हा या कथेचा बोध निर्विवाद आहे.

परंतु बंधूंनो, या कथेपाशीच थांबलो तर अर्धेच सत्य हाती येईल. अतिथी त्या दिवशी तृप्त झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने येणाऱ्या भुकेल्याचे काय? म्हणूनच आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी 'इष्टा'च्या जोडीला 'पूर्त' सांगितले. विहिरी, तलाव, अन्नदान, सावलीच्या बागा हे सारे पूर्तात येते. एका माणसाची करुणा अनेकांच्या उपयोगी पडावी आणि दाता निघून गेला तरी ती चालू राहावी, हे पूर्ताचे मर्म आहे. आज आपण ज्याला 'संस्था' म्हणतो तिचे मूळ येथे आहे.

या पूर्तधर्माची मूर्तिमंत प्रतिमा म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी महेश्वरी राहून राज्य केले. काशीविश्वेश्वराच्या मंदिराची त्यांनी 1780 च्या सुमारास केलेली पुनर्बांधणी सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या राज्याच्या सीमेपलीकडे, भरतखंडातील तीर्थोतीर्थी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिली, आणि त्यांचा खर्च मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून झाला, हे विशेष ध्यानात घ्यावे. वास्तू बांधून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तिच्या नित्य खर्चासाठी नेमणुका करून दिल्या. दगड एकदा बसवावा लागतो, चूल मात्र रोज पेटवावी लागते, हे त्या माउलीने ओळखले होते.

आता आपल्या शेजारच्या प्रांताकडे वळू. कोल्हापुरात श्रीमंत राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. खेड्यातल्या मुलाला शाळा असून भागत नाही, त्याला शहरात दोन घास आणि अंग टाकायला जागा लागते, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. त्याच भागातील कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, त्यासाठी काढून दिले. मुंगसाच्या कथेतली ती गृहिणी आणि ही गृहिणी यांत मला तरी अंतर दिसत नाही.

फुकट अन्न दिल्याने माणूस आळशी होतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर याच वसतिगृहाने दिले आहे. तेथील मुले अंगमेहनत करून शिकत. श्रमाची संधी आणि पोटाला आधार या दोन्ही गोष्टी मिळाल्या, तर घेणारा घेणारा राहत नाही. काही वर्षांनी तोच देणारा होतो. जे दान घेणाऱ्याला कायमचे हात पसरायला लावते ते अपुरे; जे त्याला उभे करते ते पूर्ण.

1956 साली दिवंगत झालेल्या संत गाडगे महाराजांचे चरित्रही येथे आठवते. पंढरपूर, नाशिक आदी ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र अंगावर चिंध्या आणि हाती खराटा व गाडगे, एवढेच त्यांचे धन. ज्याने हजारोंना निवारा दिला त्याने स्वतःसाठी खोली राखली नाही. देणाऱ्याने आपले नाव कोठवर मागे ठेवावे, याचा हा धडा आहे.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. आपण क्षमा करावी. वडील गेल्यावर वयाच्या दहाव्या वर्षी मी या मठाच्या पाठशाळेत आलो. आई शेतमजुरी करी. त्या वर्षी गावातील एका समारंभात गरीब मुलांना वह्या वाटण्यात आल्या. तो समारंभ मठाचा नव्हता. आम्हांला उन्हात ओळीने उभे केले, ध्वनिक्षेपकावरून एकेकाचे नाव पुकारले, आणि माझ्या नावाआधी 'अनाथ' हा शब्द उच्चारला गेला. माझी आई समोर जमिनीवर बसली होती. छायाचित्र घेणाऱ्याने मला मान वर करायला सांगितले. मला ती करवेना. परत येताना आई एवढेच म्हणाली, "वही आपल्याला हवी आहे बाळ, ती नीट वापर. तो शब्द त्यांच्यापाशीच राहू दे." त्या वह्यांचा मला उपयोग झाला, हे मी कृतज्ञतेने सांगतो, पण ते ऊन अजून अंगावरून गेलेले नाही.

याउलट मठाच्या स्वयंपाकघरात आमचे वृद्ध आचारी वाढताना "आणखी काय वाढू, शास्त्रीबुवा?" असे दहा वर्षांच्या पोराला विचारीत. दर महिन्याला तांदळाचे एक पोते कोठीत येऊन पडे. त्यावर नाव नसे. पुढे मी स्वतः कोठीचा हिशेब लिहू लागलो, तेव्हा कळले की बाजारात भाजी विकणाऱ्या काही बायका रोजच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला काढून ते पोते पाठवीत असत. मी त्यांच्याकडून कित्येकदा कोथिंबीर विकत घेतली होती. त्यांतल्या एकीनेही कधी तसे सुचविले नाही. सत्कारपूर्वक दिलेले दान म्हणजे काय, ते गीतेवरील भाष्यांत वाचण्यापूर्वीच मी त्या ताटावर शिकलो होतो.

म्हणून या मंगल प्रसंगी तीन गोष्टी नम्रपणे सुचवितो. पहिली ही की, उत्सवातील आणि श्रावणातील अन्नदानाच्या तिथी वर्षभर आधी भरतात. पण ज्येष्ठात, जेव्हा नवी मुले येतात आणि पेरणीपायी भक्तांचेही हात आखडलेले असतात, तेव्हा कोठीचा तळ दिसू लागतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एखादी तिथी ज्येष्ठातील घ्यावी. त्या दिवशी गर्दी नसेल, वाद्ये नसतील. भूक मात्र तीच असेल. दुसरी ही की, नव्या सभामंडपासाठी निधी जमत आहे त्याच्याच बरोबरीने विद्यार्थ्यांच्या अन्नासाठी कायम निधी असावा. मुद्दल अबाधित राहावे आणि व्याजावर चूल पेटावी. आणि त्याचा जमाखर्च वर्षातून एकदा महाद्वाराशी लावावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी व हिशेबतपासणी 1950 च्या मुंबई अधिनियमाने आवश्यक केली, त्या वेळी बेळगावही मुंबई राज्यातच होते. परंतु कायद्याने मागण्यापूर्वीच देवाच्या दारी हिशेब मांडावा, हे मठाला अधिक शोभते. तिसरी ही की, मठात कोणालाही काही देताना त्याचे छायाचित्र घेऊ नये आणि त्याच्या दैन्याचा उच्चार करू नये.

मंडप व्हावा, अशी माझीही इच्छा आहे. परंतु त्यात बसून ऐकणाऱ्या मुलाचे पोट भरलेले असावे, एवढेच मागणे आहे. अन्न हे ब्रह्म आहे असे आपली श्रुती सांगते. त्या ब्रह्माची उपासना या मठात अखंड चालो, देणाऱ्याला विनय लाभो, घेणाऱ्याची मान ताठ राहो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.