नाव गाळू नका



गेल्या वर्षी नववीच्या एका मुलाने मराठी विकिपीडियावरील मजकूर प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवून दिला. मी रागावलो. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, तुम्ही मोबाईलवर पाठवलेल्या नोट्सवरही लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं." खरे होते. दुसऱ्या गावच्या एका शिक्षकांनी खपून तयार केलेल्या त्या नोट्स. नावाचे पहिले पान मीच गाळले होते.

इंटरनेटवर फुकट दिसते ते बेवारस नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो; नोंदणीची अट नाही. वर्गात शिकवण्यापुरता उतारा घेण्यास मोकळीक आहे; अख्खे पुस्तक स्कॅन करून गावभर वाटणे निराळे. विकिपीडियाचा मजकूर तर घ्या, बदला, वाटा, असे सांगूनच ठेवलेला असतो. मात्र मूळ स्रोत सांगावा लागतो आणि त्यात आपण घातलेली भर वाटायची तर त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. उदार अट आहे, पण अटच.

आपल्याला हे नवे वाटू नये. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ती सनद तिच्यासोबत सांगितली जाते. सनद तुटली की रिवायतीचे वजन घटते.

त्या शिक्षकांना मी फोन केला. ते रागावले नाहीत. "त्यात एक उत्तर चुकलं होतं," ते म्हणाले, "नोट्स तुमच्याकडे आहेत हे ठाऊक असतं तर तेव्हाच कळवलं असतं." तोवर आमच्या मुलांची परीक्षा होऊन गेली होती.