धूर आपल्याकडे निघतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, गुरुकुंज मोझरी येथे केलेले भाषण)



सकाळी नाश्त्याच्या रांगेत आपल्या वर्गातल्या एका शेतकरी मित्रानं मला विचारलं, "काहून गा, तुमच्या कंपनीतून ना धूर निघत, ना घान पानी. मंग तुले पर्यावरनावर बोलाले काहून सांगतलं?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

धूर निघतो. तो पुण्यात निघत नाही, इकडे निघतो.

अमरावतीहून मोझरीला येताना नांदगावपेठची धुराडी तुम्ही पाहिलीच असतील. कोळशावर चालणारा १३५० मेगावॅटचा प्रकल्प. अकोलेकरांना पारसचा ५०० मेगावॅटचा माहीत आहे. महानिर्मितीचा सर्वांत मोठा, २९२० मेगावॅटचा प्रकल्प चंद्रपूरला आहे. ही सगळी वीज एकाच जाळ्यात जाते आणि तिथून पुण्यातल्या माझ्या ऑफिसात पोचते. नांदगावपेठच्या प्रकल्पाला पाणी लागतं ते अप्पर वर्धा धरणाचं. सिंचनाचं पाणी विजेला का, यावरून आपल्या जिल्ह्यात आंदोलनं झाली, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

आम्ही लोक म्हणतो, माहिती 'क्लाउड'मध्ये ठेवली. हा क्लाउड आभाळात नसतो. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणारी यंत्रं म्हणजे क्लाउड. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज अशा डेटा सेंटरांनी वापरली.

मग कंपनीनं करायचं काय? आधी मी काय चुकीचं केलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी पर्यावरण दिनाला आम्ही एका टेकडीवर दोनशे रोपं लावली. हिरवे टी-शर्ट, फलक, फोटो, सगळं झालं. पुढच्या मे महिन्यात मी तिथं गेलो, तर बहुतेक रोपं वाळलेली. पाणी घालायला कुणाला नेमलंच नव्हतं. आयोजक मीच होतो. त्या टेकडीवर मला आपली शाळा आठवली. इथं रोप लावलं की ते तुमच्या नावावर चढायचं, आणि सर हजेरीसारखी त्याची चौकशी करायचे.

तिथून परत आलो आणि पहिल्यांदा ऑफिसचं विजेचं बिल मागवलं. मग एकेक यंत्र कशासाठी चालू आहे ते तपासलं. ३१ सर्व्हर असे निघाले की त्यांचं काम कधीच संपलं होतं, पण बंद करायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. रिकामा चालणारा सर्व्हर २०० वॅट खातो असं धरा. वर्षाला साडेसतराशे युनिट होतात. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका निकामी यंत्रामागे वर्षाला सव्वा टन! ती यंत्रं बंद करायला एक पैसा लागला नाही.

दुसरी गोष्ट गारव्याची. सर्व्हरची खोली आम्ही १८ अंशांवर ठेवत होतो, कारण पहिल्यापासून तसंच होतं. ही यंत्रं २७ अंशांपर्यंतच्या हवेत व्यवस्थित चालतात. ऑफिसात तर लोक मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. एसी एक अंशानं वाढवला की त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं आहे. मोठ्या कंपन्या याच्याही पुढं गेल्या. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसनं हैदराबादला एक इमारत बांधली. तिच्या अर्ध्या भागात नेहमीचा एसी, आणि अर्ध्या भागात छताच्या स्लॅबमधून थंड पाण्याच्या नळ्या. दोन्ही भाग सारखेच, मोजमाप वेगवेगळं. नळ्यांच्या भागात वीज सुमारे एक तृतीयांशानं कमी लागली. त्यांनी आधी मोजलं, मग बोलले. हे मला आवडलं.

उरलेली वीज सौर किंवा पवन प्रकल्पाकडून घेता येते, आणि घ्यावी. पण आधी उधळपट्टी थांबवावी. आता एआय आलं आहे. वाचवलेलं सगळं ते एका घासात खाईल अशी स्थिती आहे. म्हणून हे काम खरंच यंत्राकडून करून घ्यायची गरज आहे का, हे ग्राहकाला विचारण्याची हिंमत आमच्यात यायला हवी.

तिसरी गोष्ट जुन्या सामानाची, आणि ती आपल्या शाळेशी जोडलेली आहे. लॅपटॉपचं बरंचसं प्रदूषण तो खोक्यातून बाहेर येण्याआधीच होऊन गेलेलं असतं, खाणीत आणि कारखान्यात. म्हणून तीन वर्षांनी बदलायचा तो बॅटरी आणि मेमरी बदलून सहा वर्षं वापरणं, हीच मोठी बचत. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला नोंद ठेवून रीतसर पुनर्वापरासाठी गेला तो एक चतुर्थांशाहूनही कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. मोठ्या कार्यालयांनी हा कचरा नोंदणीकृत संस्थांनाच द्यायचा आहे, भंगारवाल्याला नाही.

मी काय केलं होतं? आमचे जुने वीस संगणक एका खेड्यातल्या शाळेला दिले, हार घालून घेतले. दोन वर्षांनी गेलो तर सगळे एका खोलीत धूळ खात पडलेले. दुरुस्तीला माणूस नाही, टाकायला जागा नाही. आमच्या दारातला केर मी त्यांच्या दारात लोटला होता आणि त्याला देणगी म्हटलं होतं. जिथं ग्रामसफाई शिकलो, त्या गावच्या माणसानं हे करावं, याची लाज वाटते.

आपल्या बॅचनं शाळेला संगणक द्यायचं ठरवलं आहे. माझी विनंती एवढीच. निदान चार वर्षं चालतील असेच द्यावेत. दुरुस्तीसाठी दरवर्षी आपणच वर्गणी काढावी. आणि ते बंद पडले की आपणच परत न्यावेत, नोंदणीकृत ठिकाणी पोचवावेत. परत नेण्याची जबाबदारी मी घेतो. माझं नाव लिहून ठेवा, झाडाच्या वहीत लिहायचे तसं.

गड्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मी पुण्यात एक बटण बंद केलं, तर तुझ्या धरणातलं थोडं पाणी वाचतं. फार नाही, पण वाचतं. ते बटण बंद करायचं काम माझं आहे. मी विसरलो, तर असाच रांगेत विचारत जा.

जय गुरुदेव.