ज्याला चढत नाहीं, त्यानें जपावें

"मला दारू चढत नाहीं" असें एखादा गृहस्थ छातीठोकपणें सांगूं लागला कीं, मंडळी त्याच्याकडे कौतुकानें पाहतात. माझा एक जुना विद्यार्थी असाच होता. सोबत्यांच्या जिभा अडखळूं लागत, तरी हा सरळ पावलांनीं घरीं येई. चाळिशी उलटण्यापूर्वींच तो व्यसनापायीं गेला. त्याचा मनोनिग्रह कमी पडला, एवढेंच आम्ही तेव्हां म्हणालों. उंदरांवरील कांहीं प्रयोगांविषयीं वाचल्यापासून मात्र तो निवाडा मला खटकूं लागला आहे.

अमेरिकेंतील मॅक्लर्न व रॉजर्स या संशोधकांनीं १९५९ सालीं निरनिराळ्या कुळांतील उंदरांपुढें साधें पाणी आणि शेंकडा १० मद्यार्क मिसळलेलें पाणी ठेविलें. 'सी-५७' कुळांतील उंदीर मद्याकडे वळले. 'डीबीए' कुळानें त्यास जवळजवळ तोंडच लाविलें नाहीं. उंदरांना कसलें दुःख आणि कसली कुसंगति! आवडनिवड उपजतच होती.

पुढें कोलोरॅडो राज्यांतील बोल्डर येथें याहून मार्मिक प्रयोग झाला. उंदरांना मद्यार्क टोंचून उताणें निजवीत आणि पुन्हां पायांवर येण्यास कोणास किती वेळ लागतो, हें मोजीत. फार वेळ पडून राहणाऱ्यांची संतति एकीकडे, लवकर उठणाऱ्यांची दुसरीकडे, अशी निवड पिढ्यान् पिढ्या चालविली. अखेर 'दीर्घनिद्र' व 'अल्पनिद्र' अशीं दोन कुळें सिद्ध झालीं. तेवढ्याच मद्यानें एक कूळ तासच्या तास निपचित पडे, तर दुसरें कांहीं मिनिटांत उठे. हा भेद मुख्यतः मेंदूच्या संवेदनशीलतेंतील होता आणि त्याच्या मुळाशीं एक नव्हे, अनेक जनुकें होतीं.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हें खरें. परंतु डॉ. मार्क शुकिट यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतही, विशीच्या सुमारास ज्यांना मद्य कमी चढे, तेच पुढें व्यसनाच्या आहारीं अधिक गेलेले आढळले. ज्याला थांबण्याची सूचना उशिरां मिळते, तो अधिक पितो, हें समजण्यासारखें आहे.

जनुकें कोणाच्या ओठांशीं प्याला नेत नाहींत; नेतो तो आपलाच हात. म्हणून घरांतील तरुण "मला चढत नाहीं" म्हणाला, तर त्याचें कौतुक करूं नका. पहिला प्याला दूर ठेवण्याचें कारण त्याला इतरांहून अधिक आहे. हें माझ्या विद्यार्थ्यास सांगावयाचें राहून गेलें. आपण आपल्या मुलांना वेळींच सांगावें.